दुसऱ्याच्या खेळावर आपला डाव



आपल्या काही युवकांनी आम्हांला एक प्रश्न विचारला आहे. 'हो' किंवा 'नाही' म्हणून तो मिटवता आला असता, पण मग त्यातला विचार करण्याजोगा भाग तसाच राहिला असता, म्हणून चार ओळी सविस्तर लिहीत आहोत.

प्रश्न असा. महिलांच्या प्रीमियर लीगचा हंगाम सुरू होण्याआधी दहा जणांनी प्रत्येकी दोनशे रुपये काढायचे. प्रत्येकाने कागदावर आपापला अकरा जणींचा संघ मांडायचा. खऱ्या सामन्यांत त्या खेळाडू जे करतील, म्हणजे धावा, बळी, झेल, त्याचे गुण मोजत जायचे आणि हंगाम संपल्यावर ज्याचे गुण जास्त त्याने दोन हजार रुपये न्यायचे. "फादर, यात पाप आहे का?"

आजी-आजोबांना हा प्रकार नवा वाटेल, म्हणून थोडे मागे जातो. हाच खेळ गेली काही वर्षे मोबाइलवर 'फँटसी क्रिकेट' या नावाने चालत होता. त्यातली सर्वांत मोठी कंपनी, ड्रीम इलेव्हन, २००८ साली मुंबईत निघाली. खेळणाऱ्याला हिशेबासाठी शंभर अंक मिळत, प्रत्येक खेळाडूची त्या अंकांत किंमत ठरलेली असे आणि तेवढ्यात दोन्ही संघांतून मिळून अकरा जण बसवायचे. ज्याला कर्णधार नेमाल त्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. हा जुगार की कौशल्याचा खेळ, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो कौशल्याचा मानला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यास त्याने मनाई केली आणि मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. ती शिक्षा चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. कागदावर मांडलेल्या दहा मित्रांच्या पैजेबद्दल कायदा काय म्हणतो ते वकिलांना विचारावे. आम्हांला विचारले आहे ते निराळेच, आणि कायद्याने त्याचे उत्तर मिळत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. नशिबाच्या खेळाला ख्रिस्तसभा मुळातच वाईट म्हणत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, २४१३ व्या परिच्छेदात, याचा विचार आहे. पैज किंवा नशिबाचा खेळ आपोआप न्यायाविरुद्ध ठरत नाही. तो अनैतिक होतो, जेव्हा माणसाच्या स्वतःच्या आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजेचा पैसा त्यात जातो. शिवाय खेळाच्या नादाची गुलामी होऊ शकते, अशी सूचनाही तिथे आहे. आणि खरे सांगायचे तर, सणाच्या दिवशी आपल्याच आवारात हाउजी रंगते. तिकिटे खपवायला आम्हीच उभे असतो. तेव्हा सोवळ्याचा आव आम्हांला शोभणार नाही.

पवित्र शास्त्रातही चिठ्ठ्या टाकल्याचे दोन प्रसंग सर्वांना ठाऊक आहेत. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचे नाव निघाले. आणि क्रुसाच्या पायथ्याशी शिपायांनी कपड्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. साधन एकच होते. पहिल्या ठिकाणी एका माणसावर जबाबदारी सोपवायची होती. दुसऱ्या ठिकाणी शेजारी एक माणूस प्राण सोडत होता आणि त्याच्याकडून आपल्या वाट्याला काय येते, एवढाच प्रश्न शिल्लक होता. हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

आता युवकांची बाजू. ते म्हणतात, "फादर, यात नशीब नाही, अभ्यास आहे. संघ कसा बांधलाय, कोण फॉर्मात आहे, मैदान कसं आहे, सगळं बघावं लागतं." यात तथ्य आहे. पण तो अभ्यास कुठपर्यंत पोहोचतो, ते आपल्या सांगलीच्याच उदाहरणावरून पाहू.

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत या लीगचा पहिला लिलाव झाला. सांगलीत लहानाची मोठी झालेल्या स्मृती मानधनाला बंगळुरूच्या संघाने ३ कोटी ४० लाखांना घेतले, त्या दिवशीची सर्वांत मोठी बोली. कागदावर तो संघ फार भारी होता. ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी, न्यूझीलंडची सोफी डिव्हाइन, आपली रिचा घोष आणि रेणुका सिंग. त्या वेळी कुणी अंदाज लिहिला असता तर हाच संघ पहिला लिहिला असता. प्रत्यक्षात पहिले पाचही सामने ते हरले, आठांपैकी दोनच जिंकले आणि पाच संघांत चौथे आले. स्मृतीच्या आठ डावांत मिळून १४९ धावा झाल्या.

मग संघ नव्याने बांधला. प्रशिक्षक बदलले, सोफी मोलिन्यू आणि जॉर्जिया वेअरहॅम या दोघी ऑस्ट्रेलियन आल्या. कर्णधार मात्र तीच ठेवली. १४९ धावा पाहून किती जणांनी आपल्या कागदावरून तिचे नाव खोडले असेल, आणि गेल्या वर्षीचे आकडे बघता ते शहाणपणाचेच होते. २०२४ च्या पहिल्याच सामन्यात आशा शोभना या ३२ वर्षांच्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या गोलंदाजाने पाच बळी घेतले. १७ मार्चला दिल्लीत अंतिम सामना झाला. दिल्लीच्या संघाची एकही गडी न गमावता ६४ धावांपर्यंत मजल गेली होती. मोलिन्यूने एका षटकात तिघींना बाद केले, श्रेयांका पाटीलने १२ धावांत ४ बळी घेतले, आणि दिल्लीचा डाव ११३ वर आटोपला. बंगळुरूने आठ गडी राखून सामना जिंकला. स्मृतीच्या त्या हंगामात ३०० धावा झाल्या. आता हा संघ घडला, असे सगळे म्हणाले. २०२५ मध्ये काही खेळाडू जायबंदी होऊन बाहेर राहिल्या आणि तोच संघ पुन्हा चौथ्या क्रमांकावर घसरला.

तीन हंगामांत चौथा, पहिला, चौथा. अभ्यास करणाऱ्याला या तिन्ही निकालांची कारणे सापडतात. फक्त ती निकालानंतर सापडतात. माणूस म्हणजे त्याच्या मागच्या आकड्यांची बेरीज नव्हे, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला जड पुस्तकांतून शिकवले गेले होते. क्रिकेटच्या धावफलकावर ते अधिक स्वच्छ दिसते. स्वतंत्र इच्छेचा जीव उद्या काय करील, याचा अंदाज बांधता येतो. हिशेब मांडता येत नाही.

पण अंदाज चुकतो म्हणून हा खेळ वाईट, असे आमचे म्हणणे नाही. अंदाज तर शेतकरीही बांधतो. तासगावचा बागायतदार ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी करतो तेव्हा फेब्रुवारीत अवकाळी पाऊस येणार की नाही हे त्याला कुठे ठाऊक असते? हरिपूरच्या पेवांत हळद साठवून भाव चढायची वाट पाहणारा व्यापारीही एका अर्थाने डावच लावत असे. धोका पत्करल्याशिवाय पेरणी होत नाही, लग्न होत नाही, आणि धर्मगुरू तर मुळीच होता येत नाही. म्हणून जो धोका पत्करतो तो जुगारी, असे म्हणणारा माणूस आयुष्य न जगलेला असावा.

फरक कुठे आहे? बागायतदार अंदाज बांधून गप्प बसत नाही. फवारणी, पाणी, रात्रीची राखण, यांत त्याचे शरीर लागलेले असते. द्राक्ष गळले तर तोही आतून गळतो. फँटसीत संघ मांडणाऱ्याचा त्या खेळाडूशी असा काही संबंध नसतो. ती धावते, हा मोजतो.

इथे आमच्या मनातला खरा प्रश्न येतो. मोजता मोजता आपली नजर कशी होते?

मागे एका हंगामात काही तरुणांबरोबर आम्ही एक सामना पाहत बसलो होतो. स्मृती लवकर बाद झाली. सांगलीची मुलगी बाद झाली म्हणून चारपाच जणांनी कपाळाला हात लावला, आणि एकजण टाळी वाजवून उठला. त्याने गोलंदाज बाईला कर्णधार नेमले होते, तिचे गुण दुप्पट होणार होते. तो वाईट मुलगा नाही. लहानपणापासून तो याच मुलीच्या नावाने रस्त्यावर बॅट फिरवत आला आहे. पण त्या क्षणी मैदानावर त्याला सांगलीची मुलगी दिसली नाही, गुण दिसले. त्याने काही चोरले नाही, कुणाला मारले नाही. त्याच्या नजरेत मात्र एक बारीकसा बदल झाला होता, आणि तो त्याला स्वतःलाही कळला नव्हता. क्रुसापाशी बसलेल्या शिपायांची आठवण आम्हांला त्या वेळी झाली. मोठ्या पापाचे उदाहरण छोट्या गोष्टीला लावतो आहोत, याची जाणीव आहे. पण नजर अशाच छोट्या गोष्टींतून वळण घेते.

याला उत्तर म्हणून एका मुलाने जे सांगितले ते इतके चांगले होते की ते इथे द्यायलाच हवे. तो म्हणाला, "फादर, हा खेळ नसता तर मी बायकांचं क्रिकेट बघितलंच नसतं. आशा शोभना कोण हे मला कशाला कळलं असतं? आता मला तिचं गाव माहितीये, तिला भारताच्या संघात यायला किती वर्षं लागली ते माहितीये." हे खरे आहे. ज्या मुलींचे सामने पाहायला पूर्वी पन्नास माणसे नसत, त्यांची नावे आज आपल्या मुलांच्या ओठांवर आहेत, आणि त्यात या पैजांचा वाटा आहे. लक्ष देणे हा प्रेमाचा आरंभ असतो. आमची शंका एवढीच की गुणांसाठी दिलेले लक्ष गुण थांबल्यावर टिकते का. काहींचे टिकते. त्या मुलाचे टिकले आहे.

आता पैशांकडे येऊ. दोनशे रुपयांनी कुणाची चूल बंद पडत नाही, असे तुम्ही म्हणाल. बहुतेक घरांबाबत ते खरे आहे. पण मोबाइलवरच्या खेळात फीचे पैसे, आईच्या औषधाचे पैसे, मग मित्राकडून उसने घेतलेले पैसे घालवून बसलेली मुले आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांतल्या एकानेही पहिल्या दिवशी पन्नास रुपयांहून अधिक लावले नव्हते. त्यांच्या घरच्यांशी बोलताना आम्हांला शब्द सुचत नसत. धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला 'गुलामी' हा शब्द तेव्हा पुस्तकी वाटेनासा झाला.

तरी समजा, तसे काही होणार नाही. दोनशे रुपये काढले, विषय संपला. तरीही ॲरिस्टॉटलची एक जुनी हरकत उरतेच. 'निकोमाखसचे नीतिशास्त्र' या ग्रंथाच्या चौथ्या भागात तो जुगाऱ्याला वाटमाऱ्याच्या पंक्तीला बसवतो. हे फार कठोर वाटते. पण त्याचे कारण विचार करण्यासारखे आहे. जुगारी आपल्या मित्रांकडून कमाई करतो, आणि मित्र तर असे लोक की ज्यांना आपण द्यायचे असते. परक्याला लुटणारा निदान परक्याला लुटतो.

आपल्या बायका भिशी लावतात. दहा जणी दरमहा पाचशे काढतात, पाच हजार एकीला मिळतात, आणि वर्षभरात प्रत्येकीची पाळी येते. पैसा फिरतो तसा ओळखीचा ऊबदारपणाही फिरतो. जिची पाळी आली ती चहा-पोहे करते. युवकांचा डावही दहा जणांचाच आहे, पण त्यात नऊ जणांचे दोनशे गेल्याशिवाय दहाव्याचे दोन हजार होत नाहीत. दोन्हींचे आकडे शेजारी मांडून पाहा. आम्हांला भिशी अधिक शहाणी वाटते, आणि ती मांडायला बायकांना ॲरिस्टॉटल वाचावा लागला नाही.

खेळाडूवर पैसे लावण्याचा आणखी एक प्रकार आपल्याच भागात होऊन गेला आहे, आणि त्याची गोष्ट नव्या पिढीला नीट माहीत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे होते. पैसे नव्हते. सरकारकडून पुरेसे मिळाले नाहीत. गावोगाव वर्गणी मागितली गेली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. तेव्हाचे सात हजार. अंदाजाच्या भाषेत बोलायचे तर हा वेडेपणा होता. चार वर्षांपूर्वी सहावा आलेला, परदेशी मॅटवर सराव नसलेला, खेड्यातला तरुण. आमच्या युवकांनी त्याला आपल्या कागदावर कर्णधार केले नसते.

खाशाबांनी ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि परत आल्यावर त्यांनी पुन्हा कुस्ती लढून मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले, असे आजही सांगतात.

प्राचार्यांनीही डावच लावला होता, हे कुणी नाकारू नये. पदक आले नसते तर घर गेले असते. मग तो जुगार का नव्हता? आम्ही यावर बराच विचार केला. एक कारण असे की त्यात परताव्याची अट नव्हती. खाशाबा हरून आले असते तरी दिलेले पैसे सत्कारणीच लागले असते, कारण ते पदकासाठी दिलेले नव्हते, त्या पोराला मॅटवर उभे राहता यावे म्हणून दिलेले होते. दुसरे असे की खाशाबांना ते ठाऊक होते. कुणीतरी आपल्यासाठी घर गहाण टाकले आहे, हे घेऊन तो माणूस आखाड्यात उतरला. भरवसा ठेवला की ज्याच्यावर ठेवला त्याच्यातही काहीतरी बदलते. स्मृतीला मात्र आपल्या टाळीवाल्या मित्राने तिच्याविरुद्ध कर्णधार नेमल्याचा पत्ताही नाही, आणि नेमले नसते तरी तिचे काही बिघडणार नव्हते. तिसरे कारण सर्वांत साधे आहे. सामना सुरू झाल्यावर प्राचार्यांना आपले नाव दुसऱ्या पैलवानावर हलवता येणार नव्हते. फँटसीत पुढच्या सामन्याला नवा संघ मांडता येतो.

तेव्हा युवकांना आमचे सांगणे असे. संघ मांडा. वाद घाला, रात्रभर घाला, आम्हांलाही बोलवा. आकडे जरूर अभ्यासा. पैसे मात्र त्यातून काढून घ्या, नाहीतर त्यांची दिशा बदला. दहा जणांचे दोन हजार होतात. आपल्याच धर्मग्रामात दोघी मुली हॉकी खेळतात, एकीची स्टिक चिकटपट्टीने बांधलेली आहे. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके भारताच्या संघातून खेळली, तिचीही सुरुवात गावाकडच्या मैदानावरूनच झाली. त्या दोघींपैकी कुणी पुढे जाईल की नाही, याचा अंदाज आम्हांला विचारू नका.

आई-वडिलांसाठी एक वाक्य जास्त. मुलगा मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतो म्हणून ओरडण्याआधी, तो कुणाचा सामना बघतोय ते शेजारी बसून विचारा. उत्तरात नाव आले तर बरे. नुसताच आकडा आला तर त्याच्याशी बोलायला हवे.

आणि कर्णधार कुणाला नेमावे, असे ज्यांनी आम्हांला हसत हसत विचारले, त्यांच्यासाठी २०२५ च्या विश्वचषकाची आठवण देतो. जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात संघाबाहेर बसवले होते. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद १२७ केल्या. शफाली वर्मा मूळ संघातच नव्हती. सलामीची प्रतिका रावल क्षेत्ररक्षण करताना पडली, तिचा पाय दुखावला, म्हणून शफालीला ऐनवेळी बोलावले, आणि २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात ८७ धावा व दोन बळी घेऊन तीच सामन्याची मानकरी ठरली. प्रतिकाने त्या स्पर्धेत ३०८ धावा केल्या होत्या. शेवटच्या दोन सामन्यांत, ज्यांच्या ज्यांच्या यादीत ती होती त्यांना तिचे शून्य गुण मिळाले. त्या रात्री नवी मुंबईच्या मैदानावर तिच्या मैत्रिणींनी तिला चाकांच्या खुर्चीत बसवून जल्लोषाच्या मधोमध आणले होते.